निलंबन, जीपगाडीचे मागील

मोटारगाडीचा सांगाडा, त्यावरील पेटी, प्रवासी व माल यांचा एकत्रित भार चाकांच्या आसांवर थेट न टेकविता स्थितिस्थापक (ताण काढल्यावर मूळ आकार धारण करणाऱ्या) घटकांच्या द्वारे तोलून धरणाऱ्या रचनेस निलंबन असे म्हणतात. ह्या रचनेमुळे चाक खड्ड्यात उतरले किंवा उंचवट्यावर चढले, तरी सांगाडा त्याच्याबरोबर तेवढाच खालीवर होत नाही. तसेच चारही चाके शक्य तितका वेळ रस्त्याला धरून राहतात. जुन्या गाड्यांत, विशेषतः पाट्यांच्या कमानी असलेल्या जीपगाड्यांत, मागील निलंबन कालांतराने ताठर होते आणि गाडी आदळत चालू लागते. हा दोष इतका परिचयाचा आहे की, पुष्कळ ठिकाणी तो दोष म्हणून न पाहता गाडीचा स्वभाव म्हणून स्वीकारला जातो. प्रस्तुत नोंदीत ह्या दोषाची कारणे, ती ओळखण्याच्या पद्धती व दुरुस्ती यांची माहिती परभणी जिल्ह्यातील रस्ते व वाहतूक डोळ्यांसमोर ठेवून दिली आहे. प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. निलंबन ताठर झाले म्हणजे पाटे ताठर झाले, असे गृहीत धरून पाटा काढण्याचा किंवा बदलण्याचा उपाय सर्रास केला जातो. परंतु पाट्याचे पोलाद वापराने अधिक ताठर होत नाही. ताठरतेचे मूळ बहुधा अन्यत्र असते.

प्रादेशिक पार्श्वभूमी : परभणी जिल्ह्याचा बहुतेक भाग दख्खनच्या पठारावरील बेसाल्ट खडकापासून तयार झालेल्या काळ्या मातीचा आहे. उत्तरेस जिंतूर तालुक्यात डोंगराळ प्रदेश असून दक्षिणेस गोदावरीच्या खोऱ्यात मातीचा थर खोल आहे. ही माती पावसाळ्यात पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकुंचन पावून भेगाळते. त्यामुळे तिच्यावर बांधलेल्या रस्त्याचा पाया स्थिर राहत नाही. डांबरी पृष्ठभागाला लाटा येतात, कडा तुटतात व बैलगाड्या आणि ट्रॅक्टर यांच्या चाकोऱ्या पडतात. पाथरी, मानवत व परभणी येथून जाणारा कल्याण–निर्मळ राष्ट्रीय महामार्ग किंवा तालुक्यांना जोडणारे मोठे रस्ते यांवर हा दोष फारसा जाणवत नाही. तो गावापासून मोठ्या रस्त्यापर्यंतच्या काही किलोमीटरांत जाणवतो. काळ्या मातीचा दुसरा परिणाम अधिक सूक्ष्म आहे. तिचा बारीक, चिकट चिखल पावसाळ्यात पाट्यांच्या फटींत शिरतो आणि पुढे ऑक्टोबरच्या उन्हात वाळून खडीसारखा कठीण होतो.

पाट्यांची कमान ह्या भागात मोटारींच्या आधीपासून परिचयाची होती. घोडागाडीसाठी लंबवर्तुळाकार पाट्यांच्या कमानीचे पेटंट ओबादाया एलियट ह्या इंग्रज कारागिराने १८०४ मध्ये घेतले आणि त्यानंतर अशा कमानी निरनिराळ्या स्वरूपांत टांग्यापर्यंत पोचल्या. बैलगाडीला मात्र निलंबन नसते; तिचा वेगच इतका कमी की, तिला त्याची उणीव भासत नाही. स्वातंत्र्यानंतर मुंबईत जुळणी होऊ लागलेल्या विलीज बनावटीच्या जीपगाड्या प्रथम सरकारी खात्यांत व नंतर खाजगी मालकांकडे आल्या. पुढे त्यांच्याच वंशातील लांब बांध्याच्या गाड्या ‘काळी-पिवळी’ ह्या नावाने मराठवाड्यात गावोगाव प्रवासी वाहतूक करू लागल्या. ह्या गाड्यांत चालकाची बैठक दोन्ही आसांच्या मध्ये असते, तर मागील प्रवासी लांबीच्या दिशेने बसविलेल्या बाकांवर म्हणजे जवळजवळ मागील चाकांच्या डोक्यावर बसतात. परिणामी मागील आसाचा धक्का ज्याला सर्वांत कमी बसतो, तोच मनुष्य गाडीची पारख करतो. बाळंतपणासाठी किंवा आजारपणात ज्यांना अशाच गाडीच्या मागील भागातून तालुक्याला किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी आणले जाते, त्यांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ आरामाचा नाही. गाडीमालकाने एकदा तरी दुसऱ्याला गाडी चालविण्यास सांगून आपल्या नेहमीच्या रस्त्यावर मागील बाकावर बसून पाहावे.

रचना : अशा गाडीत मागील आसाच्या प्रत्येक बाजूस कमी-कमी लांबीचे अनेक पाटे एकावर एक रचून केलेली अर्धलंबवर्तुळाकार कमान असते. सर्वांत लांब पाट्यास मुख्य पाटा म्हणतात. त्याची दोन्ही टोके वळवून डोळे केलेले असतात. पुढील डोळा सांगाड्याला बुश व पिन यांनी जोडलेला असतो. मागील डोळा मात्र शॅकल नावाच्या झुलत्या दुव्याने जोडतात. ह्याचे कारण असे की, भार येऊन कमान सपाट होऊ लागली म्हणजे तिच्या दोन टोकांतील अंतर वाढते व ते वाढण्यास वाव हवा असतो. सर्व पाटे मध्यभागी एका बोल्टाने (सेंटर बोल्टाने) एकत्र बांधलेले असून दोन यू-बोल्टांनी ते आसाच्या नळकांड्यावर (कारखान्यातील भाषेत हौसिंगवर) घट्ट आवळलेले असतात. पाटे बाजूस सरकू नयेत म्हणून ठिकठिकाणी कड्या (क्लिपा) घातलेल्या असतात. कमान वाकताना प्रत्येक पाटा शेजारच्या पाट्यावर थोडासा घसरतो. आसाची वरची धाव मर्यादित करण्यासाठी सांगाड्याखाली रबरी ठोकळा आणि कमानीची हेलकावणी थांबविण्यासाठी तेलाने भरलेला शॉकॲब्सॉर्बर (कारागिरांच्या तोंडी शॉकप) बसवितात. पाटा भार पेलतो, शॉकॲब्सॉर्बर भार पेलत नाही. तो केवळ हालचालीला विरोध करतो. हा फरक लक्षात न घेतल्यामुळे गाडी खाली बसली म्हणून शॉकॲब्सॉर्बर बदलण्याचा आणि ती उड्या मारते म्हणून जादा पाटा घालण्याचा, असे दोन्ही उलटे उपाय केले जातात.

ताठरता व कंप्रता : कमान १ मिमी. दाबण्यास लागणाऱ्या भारास तिचा दर म्हणतात. समजा, मागील दोन्ही कमानींचा मिळून दर १० किग्रॅ. प्रती मिमी. आहे. गाडी रिकामी असताना त्यांच्यावर ४०० किग्रॅ. भार असेल, तर त्या ४० मिमी. दबतील आणि गाडीचा मागील भाग सेकंदाला सु. २·५ वेळा खालीवर होऊ पाहील. भार १,००० किग्रॅ. झाला म्हणजे कमानी १०० मिमी. दबतील व ही कंप्रता (दर सेकंदास होणाऱ्या आंदोलनांची संख्या) सु. १·६ पर्यंत उतरेल. सर्वसाधारणपणे १ ते १·५ कंप्रतेची गाडी सुखकर वाटते. ह्यावरून असे दिसते की, मालासाठी किंवा पुष्कळ प्रवाशांसाठी योजलेली गाडी रिकामी असताना कडक लागणारच. ही ताठरता दोष नव्हे, ती रचनेचा भाग आहे. भरलेली गाडीही आदळत असेल, तरच पुढील तपासणीला अर्थ आहे.

बसलेल्या मनुष्याचे शरीर उभ्या दिशेतील सेकंदाला ४ ते ८ आंदोलनांना सर्वाधिक संवेदनशील असते. ह्या पट्ट्यातील कंपने पोट व पाठीचा कणा यांना विशेष जाणवतात. कमान काही कारणाने अडकून पडली, तर गाडी कमानीवर न डोलता नुसत्या टायरांच्या लवचिकपणावर डोलू लागते आणि तिची कंप्रता सु. ३ ते ४ होते, म्हणजे वरील त्रासदायक पट्ट्याच्या अगदी जवळ जाऊन पोचते. जुन्या जीपमधून तासाभराचा प्रवास केल्यावर कंबर का धरते, ह्याचे उत्तर पुष्कळ अंशी ह्या आकड्यांत आहे.

ताठरतेची कारणे : सर्वांत स्वस्त कारण टायरातील हवेचे आहे व म्हणून ते प्रथम पाहावे. टायर थंड असताना हवा मोजावी. हवा ३० पौंडांच्या आसपास असेल, तर तापमानातील दर १०° से. वाढीने ती सु. दीड पौंडाने वाढते. एप्रिल-मेच्या दुपारी तापलेल्या रस्त्यावरून आलेल्या गाडीत मोजलेला आकडा म्हणून फसवा ठरतो. ओझ्याच्या गाडीचे जाड थरांचे टायर जीपला चढविलेले असल्यास त्यांच्या कडा वाकत नाहीत आणि मग निलंबन निर्दोष असूनही गाडी कडक लागते.

दुसरे व सर्वांत जास्त आढळणारे कारण पाट्यांमधील घर्षण हे होय. कोरडे, गंजलेले व चिखल भरलेले पाटे एकमेकांवर घसरू शकत नाहीत. त्यांच्यातील घर्षणाचा विरोध मोडण्याइतका मोठा धक्का येईपर्यंत संपूर्ण कमान एका जाड अखंड पट्टीसारखी वागते. पाट्याची ताठरता त्याच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने एकजीव झालेली कमान सुट्या पाट्यांच्या कमानीपेक्षा कितीतरी पटींनी ताठर असते. अशा गाडीचे लक्षण वैशिष्ट्यपूर्ण असते. मोठ्या खड्ड्यात ती बऱ्यापैकी दबते. परंतु लहान खडी, ठिगळे, सुकलेल्या चिखलातील चाकोऱ्या यांचा प्रत्येक हादरा ती जसाच्या तसा वर पोचविते.

हे घर्षण मोजण्याची सोपी रीत अशी आहे. गाडी सपाट जागी उभी करून मागील आस व त्याच्या बरोबर वरचा सांगाडा यांमधील उभे अंतर मोजण्यासाठी एक खूण करावी. दोघातिघांनी मागील भागावर भार देऊन तो हळूहळू सोडावा व अंतर लिहून ठेवावे. नंतर जॅक सांगाड्याला लावून मागील भाग थोडा उचलावा, सावकाश खाली सोडावा व जॅक पूर्ण मोकळा झाल्यावर पुन्हा अंतर मोजावे. निर्दोष कमानीत दोन्ही मापे जवळजवळ सारखी येतात. त्यांत ३० मिमी. फरक आला आणि एका कमानीचा दर ५ किग्रॅ. प्रती मिमी. असला, तर फरकाच्या निम्मे म्हणजे १५ मिमी. गुणिले ५, अर्थात ७५ किग्रॅ. इतके घर्षण त्या बाजूस आहे असे समजावे. एका प्रौढ मनुष्याहून अधिक भार ह्या कमानीवर अलगद ठेवला, तरी ती हलणार नाही, असा ह्याचा अर्थ होतो. दर माहीत नसला, तरी दोन बाजूंची किंवा दुरुस्तीच्या आधीची व नंतरची मापे ताडून पाहणे पुरेसे उपयुक्त ठरते.

शॅकल अडकणे हे तिसरे कारण. शॅकलाच्या पिनेला ग्रीस देण्याची टोपी (निपल) चिखलाने बुजली म्हणजे ग्रीसगन लावूनही ग्रीस आत जात नाही, ते बाहेरच सांडते. आत गंज चढून पिन व बुश एक होतात. मग कमानीला लांब होण्यास वाव राहत नाही व ती दोन टोकांत कोंडलेल्या धनुष्यासारखी ताठ होते. गाडीवर भार देताना शॅकलाचा कोन बदलतो की नाही, हे नुसत्या डोळ्यांनी दिसते. तो बदलत नसेल, तर दोष तेथेच आहे. रबरी बुश असलेल्या गाड्यांत एक निराळी चूक घडते. गाडी जॅकवर टांगलेली असतानाच पिनेचे नट आवळले, तर रबर त्या स्थितीत पकडले जाते. गाडी चाकांवर उतरल्यावर ते कायमचे पिळलेले राहते, कमानीच्या हालचालीस विरोध करते आणि लवकर फाटतेही. असे नट गाडीचा भार चाकांवर आल्यानंतरच शेवटचे आवळावयाचे असतात. पाट्यांच्या कड्या हातोड्याने ठोकून अतिघट्ट केलेल्या असल्या, तरीही घसरण थांबते.

चौथे कारण वरवर विरोधाभासात्मक आहे : पाटे बसल्यामुळे, म्हणजे त्यांची कमान नाहीशी झाल्यामुळेही गाडी ताठर लागते. अनेक वर्षे जादा भार वाहून कमान सपाट झाली म्हणजे आस व रबरी ठोकळा यांतील अंतर कमी होते. चाकाला वर जाण्यास जागा उरत नाही आणि प्रत्येक मध्यम खड्ड्यात आस ठोकळ्यावर आपटतो. प्रवाशाला बसणारा हा धक्का पाट्याचा नसून ठोकळ्याचा असतो. ठोकळ्याचे रबर चकाकत असेल, चेपलेले किंवा फुटलेले असेल आणि आसावरील त्याच्या समोरची जागा घासून स्वच्छ झाली असेल, तर निदान निश्चित समजावे. ह्या गाडीचा एखादा पाटा ‘नरम करण्यासाठी’ काढला, तर ती आणखी खाली बसते व अधिकच आदळते. मालक गोंधळतो, कारागीर दुसरा पाटा काढतो आणि अखेरीस मुख्य पाटा तुटतो.

जादा पाटे हे पाचवे कारण. काळी-पिवळी गाड्यांत आसनसंख्येच्या कितीतरी अधिक प्रवासी घेण्याची प्रथा पडल्यावर कमानीत एक-दोन पाटे वाढविणे ही नित्याची गोष्ट झाली. पुढे अशी गाडी शेतकऱ्याने घरच्या वापरासाठी विकत घेतली, तरी ते पाटे तसेच राहतात. समान जाडीच्या सात पाट्यांत आठवा घातला, तर दर सु. १४ टक्के वाढतो. परंतु ६ मिमी. जाडीच्या जागी हाताशी असलेला ७ मिमी. जाडीचा पाटा घातला, तर त्या एका पाट्याचा दर सु. ५९ टक्के वाढतो व ८ मिमी.चा घातला, तर तो २·४ पटीच्या आसपास जातो. म्हणून केवळ पाटे मोजून भागत नाही. प्रत्येकाची जाडी व्हर्निअर कॅलिपरने मोजून दोन्ही बाजू ताडून पाहाव्या लागतात. दुसऱ्या गाडीतून आणलेला एखादा पाटा निराळ्या वळणाचा असल्यास तोही कमानीला अकारण ताण देतो.

शॉकॲब्सॉर्बरविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. दांडा वाकून तो अडकणे, दुरुस्त करून वापरलेल्या नगात योग्यतेपेक्षा जाड तेल असणे किंवा मापाहून आखूड अथवा लांब नग बसविल्याने त्याची धाव आधीच संपणे, ही त्याच्यामुळे येणाऱ्या ताठरतेची कारणे होत. खालचा सांधा सोडवून तो हाताने ओढून व दाबून पाहावा. चांगला नग संथपणे, एकसारखा सरकतो व सामान्यतः दाबताना कमी आणि ओढताना अधिक विरोध करतो. मुळीच न हलणारा नग अडकलेला असतो. विरोधाशिवाय सरकणारा निकामी असतो. पण त्याने ताठरता येत नाही, उलट गाडी उसळते.

निदानाचा क्रम : वरील कारणे एकाच गाडीत एकत्र असू शकतात व पुष्कळदा असतात. म्हणून सोप्या, बिनखर्चाच्या तपासण्या आधी व खोल-फोड नंतर, असा क्रम ठेवणे हिताचे असते. प्रथम टायर व प्रत्यक्ष भार पाहावा. नंतर ठोकळ्यापाशी मोकळे अंतर किती आहे व तेथे आपटण्याच्या खुणा आहेत काय, हे पाहावे. त्यापाठोपाठ शॅकलाची हालचाल आणि वर वर्णन केलेले घर्षणाचे माप घ्यावे. एवढ्यानेही उलगडा न झाल्यास दोन्ही मागील शॉकॲब्सॉर्बर सोडवून गाडी मोकळ्या जागेत, माणसाच्या चालण्याच्या गतीने, काही मीटर चालवावी. ताठरता नाहीशी झाली, तर दोष त्यांत होता. ती तशीच राहिली, तर तो कमानीत किंवा तिच्या सांध्यांत आहे. ह्या स्थितीत गाडी रस्त्यावर नेणे धोक्याचे असते. पाट्यांची जाडी व संख्या सर्वांत शेवटी, कमान उतरविल्यावर, मोजावी. कारागिराकडे गाडी टाकताना ही मापे कागदावर लिहून नेली, तर पुष्कळ अनावश्यक खर्च टळतो. नवा पाटा विकणाऱ्यास पाटा सदोष दिसतो, हा मनुष्यस्वभाव आहे.

दुरुस्ती : घर्षणाचा दोष असल्यास कमान उतरवून पाटे सुटे करणे हाच खरा उपाय होय. गाडी उचलून सांगाडा भक्कम ठोकळ्यांवर टेकविल्याशिवाय आणि आसाला निराळा आधार दिल्याशिवाय यू-बोल्ट सोडू नयेत. केवळ जॅकवर उभ्या गाडीखाली शिरल्याने जीव गमावण्याची वेळ येते. सेंटर बोल्ट काढतानाही पाटे वाइसमध्ये पकडून हळूहळू सैल करावे लागतात, कारण त्यांत ताण साठलेला असतो. सुटे पाटे डिझेलने धुऊन तारेच्या ब्रशाने गंज काढावा. एका पाट्याच्या टोकाने दुसऱ्यावर पडलेली खाच खोल असेल, तर तो पाटा बदलावा, कारण अशा खाचेपासूनच तडा सुरू होतो. खाच उथळ असल्यास ती घासून सपाट करावी. नंतर ग्राफाइटयुक्त ग्रीसचा पातळ थर देऊन पाटे पुन्हा जोडावेत. ज्या कमानीत पाट्यांच्या टोकांना प्लॅस्टिकच्या किंवा रबराच्या चकत्या असतात, तेथे ग्रीस लावू नये.

कमान न उतरविता पाट्यांवर जळके ऑइल मारण्याची पद्धत सर्वत्र आढळते. ती पूर्णपणे निरुपयोगी नाही. पावसाळ्यापूर्वी मारलेल्या तेलाने गंज कमी चढतो. मात्र आधी भरलेला चिखल त्याने निघत नाही, उन्हाळ्यातील धूळ त्यावर चिकटते आणि रबरी बुश तेलाने फुगून खराब होतात. पावसाळा संपताच, चिखल वाळण्यापूर्वी, पाण्याच्या जोरदार धारेने पाटे आतून धुणे अधिक गुणकारी ठरते.

घर्षण दूर केल्यावर एक नवीन अडचण उद्भवू शकते. जुन्या गाडीचे शॉकॲब्सॉर्बर बहुधा निकामी झालेले असतात आणि हेलकावे थांबविण्याचे (अवमंदनाचे) काम आजवर पाट्यांतील गंजच करीत असतो. पाटे मोकळे होताच गाडी डोलू लागते व वळणावर झुकते. पाटे मोकळे करणे व शॉकॲब्सॉर्बर चालू स्थितीत आणणे ही म्हणून एकच दुरुस्ती समजावी.

बसलेल्या पाट्यांना पुन्हा कमान देता येते. थंड स्थितीत, ठरावीक अंतरांवर दाब देऊन केलेले हे काम काही काळ टिकते. पाटा भट्टीत लाल करून वाकविणे मात्र सर्वस्वी गैर आहे. पाट्याच्या पोलादाचे गुण त्यावरील उष्णता-संस्करणामुळे आलेले असतात. त्यासाठी ते सु. ८५०° से.पर्यंत तापवून तेलात बुडवितात आणि नंतर सु. ४५०° से.ला पुन्हा तापवितात. भट्टीत तापवून नुसत्या हवेत थंड केलेला पाटा मऊ पडून काही दिवसांतच पुन्हा बसतो. पाण्यात बुडविलेला पाटा ठिसूळ होऊन अचानक तुटतो. विळे-कुऱ्हाडी उत्तम करणाऱ्या लोहारालाही ह्या कामात तापमान मोजण्याच्या साधनाविना खात्री देता येत नाही. अशा वेळी नवी कमान घेणे महाग वाटले, तरी ते टाळू नये, कारण मुख्य पाटा तुटला म्हणजे आस तिरका होतो व गाडी चालकाच्या ताब्यात राहत नाही.

जादा घातलेले पाटे काढून मूळ संख्येवर येणे योग्य असते. मूळ संख्येहून कमी करणे मात्र टाळावे. सातांतून एक पाटा कमी केला, तर उरलेल्या प्रत्येकावरील ताण सु. १७ टक्के वाढतो. पाटे काढावयाचे ते दोन्ही बाजूंचे सारखेच. मुख्य पाटा व त्याला डोळ्यापाशी आधार देणारा दुसरा पाटा यांना हात लावू नये. जो मालक पाटे कमी करतो, त्याने भारही कमी केला पाहिजे. दुर्दैवाने पहिली गोष्ट होते, दुसरी होत नाही.

मोटारसायकलीतील मागील निलंबन : आता ग्रामीण भागात जीपपेक्षा मोटारसायकलीच अधिक आहेत व त्यांच्या मागील निलंबनाविषयीही अशीच तक्रार ऐकू येते. जुन्या राजदूत, येझदी किंवा बुलेट ह्या गाड्यांत मागील चाक एका झुलत्या चिमट्यात बसविलेले असून त्याच्या दोन्ही बाजूंस मळसूत्री स्प्रिंग व शॉकॲब्सॉर्बर यांची एकत्र जोडी असते. स्प्रिंगेच्या खालील पायऱ्यांची कडी फिरविली म्हणजे स्प्रिंग आधीच दाबली जाते. त्यामुळे गाडी उंच राहते, स्प्रिंगेचा दर मात्र बदलत नाही. दुधाचे कॅन किंवा खताचे पोते नेण्यासाठी कडी वरच्या पायरीवर चढवितात व नंतर ती तशीच राहते. मग एकट्या स्वाराला गाडी कडक लागते. कडी पुन्हा खाली आणणे एवढाच त्यावर उपाय असतो. याशिवाय झुलत्या चिमट्याच्या आडव्या पिनेचे बुश ग्रीसअभावी अडकल्यास दोन्ही शॉकॲब्सॉर्बर नवे घालूनही फरक पडत नाही. ते सोडवून चिमटा हाताने खालीवर करून पाहिला म्हणजे दोष तत्काळ कळतो. कॅनडात १९५९ पासून ‘स्की-डू’ ह्या नावाने विकल्या गेलेल्या व तशाच इतर बर्फावरील पट्ट्याच्या गाड्या जुन्या झाल्यावर त्यांच्या मागील निलंबनातही सांध्यांतील गंज व नको इतक्या ताणलेल्या स्प्रिंगा हीच कारणे प्रथम तपासावी लागतात. तेथे बर्फाचे पाणी जे करते, ते येथे काळा चिखल करतो.

दुरुस्तीनंतरची तपासणी : कमान पुन्हा बसविल्यावर यू-बोल्ट गाडीचा भार चाकांवर असताना, कर्णाच्या क्रमाने थोडेथोडे आवळावेत. पाटे आपापल्या जागी बसत असल्याने काही दिवसांच्या चालीनंतर ते हमखास सैल होतात. सैल यू-बोल्टाखाली सेंटर बोल्टावर सर्व ताण येऊन तो तुटतो आणि आस मागे सरकतो. म्हणून पहिल्या भरलेल्या फेरीनंतर लगेच व पुन्हा सु. ५०० किमी. चालल्यावर ते आवळून घ्यावे लागतात. घर्षणाचे माप त्याच वेळी पुन्हा घेऊन आधीच्या आकड्याशेजारी लिहून ठेवावे. रिकाम्या गाडीने खडबडीत रस्त्यावर बेताच्या वेगात ब्रेक दाबून मागील चाके उसळून घसरतात काय, तेही पाहावे. ताठर निलंबनाच्या गाडीत ब्रेक लावताना चाक क्षणभर रस्ता सोडते व मागील भाग बाजूला जातो. चाके जमिनीला धरून राहिली आणि मागील बाकावर बसलेल्या मनुष्याला पकड न घेता बसता आले, तर काम नीट झाले असे समजावे.